एका वर्षाची चूक

आमच्या घरात माझ्या एका चुकीची गोष्ट चाळीस वर्षं सांगितली गेली. पाहुणे जेवून उठले, सुपारी कातरायला बसले, की आमचे हे पाय लांब करून सुरू करायचे, "आमच्या हिला एकदा सरकारी नोकरीची हुक्की आली होती बरं का." पाहुणे माझ्याकडं बघायचे आणि मी ताटं उचलायची. ती गोष्ट आता मी एकदा सांगते. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून कागदावर. यांच्यासारखी रंगवता येणार नाही मला, पण जसं झालं तसं सांगीन.

माझे वडील निजामाच्या अमलात कचेरीत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा, वाचून दाखवणारा. आम्ही घरी मराठी बोलायचो आणि शाळेत उर्दू शिकायचो. त्या काळी औरंगाबादेत शिकायचं म्हणजे उर्दूतूनच, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. वेगळं एवढंच, की मी पोरीची जात असून मॅट्रिकपर्यंत गेले. वडिलांची नजर लवकर अधू झाली, तेव्हा त्यांनी घरी आणलेले कागद मीच वाचायची. कचेरीतलं उर्दू म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं नव्हे. घाईत ओढलेलं, ठिपके गाळलेलं, अर्धं अक्षर खाल्लेलं. भल्याभल्यांना घाम फुटायचा. मला मात्र ते लागायचं. वडील कौतुकानं म्हणायचे, "हिला कुणाचंबी अक्षर दाखवा, वाचती." एवढंच एक मला जगात नीट येत होतं, स्वयंपाक सोडून.

मी मॅट्रिक झाले आणि पाठोपाठ पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला. आमच्या घरी पेढे वाटले, मीच वाटले गल्लीभर. तेव्हा काय ठाऊक, की निजामाबरोबर माझं शिक्षणही चाललंय. वर्षा-दोन वर्षांत कचेऱ्यांतून उर्दू उठली आणि माझं सर्टिफिकेट वडिलांच्या पेटीत जाऊन पडलं.

कचेरीत मराठी लिहिणारी माणसं हवी होती, तशी ती नगर-पुण्याकडून आली. त्यातले हे एक. नगरकडचे, सडपातळ, दिसायला चांगले, अक्षर बरं. बघायला आले तेव्हा "मुलगी मॅट्रिक आहे" एवढं सांगितलं गेलं. कशातून, ते कुणी विचारलं नाही.

आमचं बिऱ्हाड छावणीत होतं. दोन खोल्या, मागं पडवी. लग्नाला आठ दिवस झाले असतील. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी पडवीत भांडी घासत होते, स्वयंपाकघरात चुलीवर दूध फसफसताना दिसलं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, दूध उतू जायलंय!" सासूबाई आणि नणंद दोघी चुलीपाशीच होत्या. दोघी आधी एकमेकींकडं बघून हसत सुटल्या. "जायलंय! अगं बाई, जायलंय!" नणंदेनं ते तीनदा घोळून घोळून म्हणून दाखवलं. तोवर दूध खरंच उतू गेलं, आणि त्याची बोलणी मीच खाल्ली. हे घरी आल्यावर ती गंमत यांना सांगितली गेली. हे म्हणाले, "मोगलाईतलं माणूस, असंच बोलणार." निजामाच्या मुलखाला तिकडची माणसं मोगलाई म्हणायची.

मग "का" ऐवजी म्हटलेल्या "कामून" वर हसून झालं, "लेकरू" वर हसून झालं. मी "फिजूल" म्हणाले की हे कपाळाला हात लावून सलाम करायचे. तुम्ही म्हणाल एवढ्यानं काय होतंय. होतं बाबा. मी बोलायच्या आधी शब्द तपासायला लागले. हा आमचा का तुमचा, हसतील का नाही. तपासून होईतो बोलणं पुढं गेलेलं असायचं. वर्षभरात माझ्याकडं "हो", "आणते" आणि "झालं" एवढेच शब्द उरले. शेजारीपाजारी सासूबाईंना म्हणायचे, "नशीब काढलंत, सून वर तोंड करून बोलत नाही." मला तेव्हा किती राग यायचा ते मलाच माहीत. भाकरी थापताना परातीवर निघायचा तो.

एक दिवस हे दुपारी जेवायला घरी आले ते चिडूनच. साहेबांनी एक जुना उर्दू कागद दिला होता, मराठी करून आणा म्हणून. यांनी नोकरीसाठी उर्दूची परीक्षा दिली होती खरी, पण ती अलिफ-बे पुरती. कागद ताटाशेजारी ठेवून हे त्याच्याकडं बघत बसले होते. मी आमटी वाढायला वाकले. माझ्या तोंडून निघून गेलं, "विरासतीचा अर्ज आहे. बाप मेल्यावर थोरल्यानं केलाय, जमीन नावावर करा म्हणून."

यांचा घास हातातच राहिला. "तुला वाचता येतं?"

"हो."

"सगळं?"

"हो."

लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझ्या बोलण्यावर हे हसले नाहीत असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी आमटी पुन्हा वाढली, आधीची संपली नव्हती तरी. मूर्ख होते मी.

तेव्हापासून सुरू झालं. निजामाच्या कचेऱ्यांत खोल्याच्या खोल्या भरून कागद होते, आणि जमिनीचा तंटा निघाला की त्यातला एखादा वर यायचा. त्याचा तर्जुमा, म्हणजे मराठी करायचा. हे सकाळी लाल फडक्यात बांधलेला बस्ता ठेवून जायचे. सासूबाई दुपारी पडायच्या, त्या उठेपर्यंत, एक ते चार, मी पडवीत फळी मांडीवर घेऊन बसायची. दौत, टाक, डाव्या हाताला उर्दू, उजव्या हाताला मराठी. पहिल्यांदा हे माझ्या मराठीची स्वतःच्या हातानं नक्कल करून न्यायचे. पुढं कंटाळले. "तुझं अक्षर ठळक आहे, हेच जाऊ दे," म्हणाले. कचेरीत सांगितलं, घरी निवांत बसून लिहितो, म्हणून अक्षर वेगळं येतं.

त्या तीन तासांत मी काय काय वाचलं! किती तरी अर्ज बायकांचे असायचे. नवरा मेलेल्या, दिरानं घराबाहेर काढलेल्या, बापाच्या विहिरीत हिस्सा मागणाऱ्या. प्रत्येकीचा अर्ज "मी अर्जदार" पासून सुरू. त्या निजामाच्या सरकारला न भिता सांगायच्या, मला हे पाहिजे, माझं हे नेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना, खाली अंगठा. मी दिवसातून पन्नासदा "मी" लिहायची आणि त्यातला एकही माझा नसायचा.

तर्जुम्याच्या खाली दोन सह्या असत. डावीकडं "तर्जुमा करणार", उजवीकडं "रुजवात पाहणार". रुजवात म्हणजे मूळ कागदाशी ताडून बघणं. ते काम कचेरीतले एक म्हातारे मुन्शीजी करायचे, निजामाच्या वेळेपासूनचे. त्यांची सही उजवीकडं यायची. डावीकडं यांची. एकदा, फक्त एकदा, मी विचारलं, "खाली मी करू का सही? अगदी बारीक करीन."

"वेडी का काय? सरकारी कागद आहे तो," हे म्हणाले. तेही खरंच होतं म्हणा.

हे अव्वल कारकून झाले. साहेब चारचौघांत म्हणाले, तुमचं उर्दू काय पक्कं आहे हो. यांनी घरी येऊन ते मला सांगितलं, अगदी तोंडभर हसून. मीही "हो का?" म्हणाले. काय म्हणणार दुसरं?

सहा वर्षं असं चाललं. मग मला दिवस गेले, उशिराच, आणि मी बाळंतपणाला जालन्याला गेले. नोकरी सुटल्यावर वडील तिथं राहायला गेले होते. तीन महिने मी इथं नव्हते, आणि त्या तीन महिन्यांत एक कागद यांना स्वतः करावा लागला. शब्द कुणाकुणाला विचारून जमवले. चुकले ते सनावर.

हे जरा समजावून सांगायला पाहिजे. निजामाच्या कागदांवर फसली सन असायचा. त्याचा इंग्रजी सन काढायचा तर पाचशे नव्वद मिळवायचे. पण फसली वर्ष लागायचं ऑक्टोबरात. म्हणजे जानेवारी आला, इंग्रजी वर्ष पालटलं, की त्याच फसली सनात पाचशे एक्याण्णव मिळवावे लागायचे. आमच्या वडिलांनी हे मला दहाव्या वर्षी बोटावर शिकवलं होतं. यांनी सरसकट नव्वद मिळवले. त्या कागदात एका म्हाताऱ्याच्या मृत्यूची नोंद होती, ती एक वर्ष मागं गेली. आणि त्याच म्हाताऱ्यानं मुलांना केलेलं वाटणीपत्र दुसऱ्या कागदात होतं, त्याची तारीख बरोबर होती. झालं! मेलेल्या माणसानं सहा महिन्यांनी उठून वाटणीपत्रावर सही केली. धाकट्या भावाच्या वकिलानं तेच धरलं. मुन्शीजी तेव्हा रजेवर होते, रुजवात झालीच नव्हती. भर कचेरीत यांची शोभा झाली. साहेबांना यांनी सांगितलं, बायको बाळंतपणाला गेलेली, चित्त ठिकाणावर नव्हतं. यांच्या उभ्या नोकरीत यांनी इतकं खरं दुसरं काही सांगितलं नसेल.

मी लेक घेऊन परत आले त्या दिवशी यांनी मुलीकडं बघायच्या आधी तो कागद पुढं टाकला. "हे कुठं चुकलं सांग." मी पडवीच्या भिंतीवर कोळशानं मांडून दाखवलं. वर्ष पालटेपर्यंत नव्वद, पालटल्यावर एक्याण्णव. यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि खिशातल्या वहीत टिपून ठेवलं. भिंत मला पुसायला लावली.

त्या घोटाळ्यामुळं कचेरीनं ठरवलं, घरी कागद न्यायचे नाहीत, कायमचा एक अनुवादक नेमायचा. परीक्षा घेऊन. उर्दू कागद पुढं ठेवणार, समोर बसून मराठी करायचं. यांनी जेवताना सांगितलं, तक्रारीच्या सुरात. वर म्हणाले, "आणि जाहिरातीत खाली लिहिलंय, स्त्रियांनीही अर्ज करावा. कोण बाई येणार आहे?"

माझा हात ताकाच्या भांड्यावर होता. मी म्हणाले, "मी करू का अर्ज?"

सासूबाई हसल्या. हे हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्याच कचेरीत? माझ्या शेजारच्या टेबलावर?" मग म्हणाले, "बघू."

आमच्या घरात "नाही" असं कधी कुणी मला म्हटलं नाही. "बघू" म्हणायचे. माहेरी जाऊ का, बघू. हिंदीची परीक्षा देऊ का, बघू. आठ वर्षांत एकही बघू कुणी पुन्हा काढून बघितला नव्हता. पण ह्या खेपेला माझ्या डोक्यातून ते जाईना. मला ते टेबल दिसायचं. टेबल कसलं, त्याच्यावरचा कागद, आणि त्या कागदाच्या खाली डाव्या बाजूला मी केलेली सही. बाकी काही नको होतं मला.

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, मालकांचं शिवणाचं दुकान. बाईंना मी आपा म्हणायची. त्यांच्याशी बोलताना मला शब्द तपासावे लागत नव्हते. मी पडवीच्या भिंतीवरून त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फिर भरो ना अर्ज. बैठे काय कू?" मालकांनी कचेरीतून कागद आणून दिला. वडिलांना पत्र घालून सर्टिफिकेट मागवलं. पत्ता आपांच्या घरचा दिला. अर्जावर नाव लिहिताना मी अडले. सर्टिफिकेटावरचं लिहू का लग्नात ठेवलेलं? शेवटी दोन्ही लिहिली, मधे "उर्फ" घालून. दोन्हींपैकी कुठल्याच नावानं मला घरात कुणी हाक मारत नव्हतं.

परीक्षेच्या आठवड्यात हे साहेबांबरोबर कन्नडला दौऱ्यावर गेले. श्रावणातला सोमवार होता. सासूबाईंना म्हणाले, खडकेश्वराला जाऊन येते. आपांनी टांगा आणला. लेकीला मांडीवर घेऊन त्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसल्या. "तुमे जाव बाई. बच्ची कू मैं देखती," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, आत मला हसू फुटत होतं.

आत सहा पुरुष आणि मी. देखरेखीला तेच मुन्शीजी. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, सही तेवढी ओळखीची. पांढरी दाढी, काळी शेरवानी, कोपरावर रफू केलेली. त्यांनी प्रत्येकापुढं एकेक कागद ठेवला. माझ्यापुढं आला तो एका विधवेचा अर्ज होता. अक्षर शिकस्ता, म्हणजे तेच घाईत मोडून ओढलेलं, पण मला काय, भरभर लागत गेलं. मी लिहायला लागले. समोर कुणी निजलेलं नाही, कुणी उठायचं नाही, मांडीवर फळी नाही. टेबलावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते.

मुन्शीजी फेऱ्या घालत होते. माझ्यापाशी आले आणि उभेच राहिले. मी वर बघितलं. ते माझ्या कागदावरच्या एका आकड्याकडं बघत होते. माझी एक खोड होती, उर्दूत सनाच्या आकड्याखाली लांब रेघ ओढतात, तशी मी मराठीतही ओढायची. लहानपणचा हात, सुटला नव्हता. यांच्या सगळ्या तर्जुम्यांत ती रेघ होती. मुन्शीजींनी सहा वर्षं ती पाहिली होती.

वाकून अगदी हळू म्हणाले, "बेटी, ये ख़त मैं पहचानता हूँ." ख़त म्हणजे अक्षर.

तो एक क्षण होता. मी "जी, माझंच आहे" म्हणाले असते तर? त्या माणसाला आधीच कळलं होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून पाहिजे होतं. सहा वर्षांत मला विचारणारा तो पहिला माणूस. आणि मी म्हणाले, "ते सांगतात. मी नुसती उतरवून घेते."

मुन्शीजी म्हणाले, "अच्छा," आणि पुढं गेले.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते. नुसती उतरवून घेणारी बाई हा कागद कसा सोडवील? इथं सांगायला कोण होतं? बरोबर लिहिलं तर मी खोटी, आणि हे त्याहून खोटे. सहा वर्षांचे कागद, सहा वर्षांच्या सह्या, अव्वल कारकुनी, सगळं बाहेर येणार. आणि चूक केली तर टेबल गेलं. अर्जातला शेवटचा सन माझ्यापुढं होता, खुर्दाद महिन्यातला. खुर्दाद म्हणजे उन्हाळा, वर्ष पालटून गेलेलं. एक्याण्णव मिळवायचे. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी यांच्यासारखेच नव्वद मिळवले. आकडा लिहिला, आणि हात तो हातच, खाली रेघही ओढली.

कागद द्यायला गेले. मुन्शीजींनी तो उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या सनावर त्यांचं बोट थांबलं. म्हणाले, "ये ग़लती मैं पहले भी देख चुका हूँ." मग कागद माझ्याकडं परत सरकवला. "अभी पाँच मिनट बाक़ी हैं. दोबारा देख लो, बेटी."

तेवढी माया मला त्या कचेरीत काय, सासरी कुणी दाखवली नव्हती. टाक माझ्या हातात होता. एक आकडा खोडायचा होता.

"बघितलं," मी म्हणाले. "बरोबर आहे."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की नवऱ्याची नोकरी वाचवली, लेकीचं घर वाचवलं. ऐकायला बरं वाटतं. पण ते काही खरं नव्हे. मी भ्याले. बोलायची सवय गेली होती माझी, आणि जिथं बोलायचं तिथं गळ्यातून तेच जुनं "हो" आणि "झालं" निघालं. बाहेर आले तर आपांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लेक माझ्या हातात दिली.

हे दौऱ्यावरून आले. दोन दिवसांनी कचेरीतून घरी आले ते हसत. मी सगळ्याची तयारी ठेवली होती, ओरडतील, माहेरी धाडतील. हसतील असं वाटलं नव्हतं.

"परीक्षेला बसली होतीस म्हणे! मला सांगायचं तरी. मुन्शीजी म्हणाले, बाकी ठीक होतं, सन चुकला." पाटावर बसले, पाणी प्याले. आणि बोट वर करून मला म्हणाले, "अगं, दहादा घोकलंय ना आपण? वर्ष पालटेपर्यंत नव्वद, पालटल्यावर एक्याण्णव. एवढं साधं कसं चुकलीस?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं का? घाबरून हसत होते, का खरंच हसत होते? चाळीस वर्षं मी त्या तोंडावर ते शोधत राहिले. सापडलं नाही.

"हो, चुकले," मी म्हणाले.

"असू दे," ते म्हणाले. "तसा तुझा हात चांगला आहे."

ती जागा बीडकडच्या एका माणसाला मिळाली. कायमचा अनुवादक आला, म्हणजे यांच्याकडं तर्जुम्याचं काम उरलं नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून बस्ता घरी आला नाही. सासूबाई दुपारी पडल्या, लेक झोपली, एक वाजला, मी सवयीनं फळी काढून पडवीत बसले. समोर कोरी फळी. चार वाजेपर्यंत बसले आणि चहा टाकायला उठले. दुसऱ्या दिवशीही बसले. आठ-दहा दिवसांनी सासूबाईंनी ती फळी पापड लाटायला घेतली. दौतीतली शाई वाळून गेली.

नंतर मी काही शोधलं नाही असं नाही. पोस्टानं पुस्तकं मागवून पाहिली, भजनी मंडळात गेले, शाळेत शिवण शिकवायला बोलावलं होतं, त्याचंही "बघू" झालं. कशातच जीव लागला नाही. मला जे येत होतं ते एकच होतं, आणि ते मी स्वतःच्या हातानं चुकवून आले होते. मुन्शीजी पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. आपांचं कुटुंब हैदराबादला गेलं. आता उर्दू पाटी दिसली तर मला थांबून अक्षरं जोडावी लागतात.

गोष्ट मात्र मोठी होत गेली. हे सांगताना नक्कल करायचे, मी कशी टेबलावर बसले असेन, टाक कसा चावला असेन. "सगळं बरोबर, आणि सनाला घसरली!" पाहुणे हसायचे. एखादी बाई म्हणायची, जाऊ द्या हो, बायकांचं हिशोबात असंच. मी पानाचं तबक पुढं करायची.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. चौदाव्या दिवशी कचेरीतले जुने लोक भेटायला आले. म्हातारी झालेली सगळी, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या हाताला कंप. रडून झालं, मग आठवणी निघाल्या, आणि त्यातल्या एकानं तीच गोष्ट काढली. वहिनी आणि फसली सन. सगळे हसले. माझी लेकही हसली, डोळे पुसत पुसत, वडिलांच्या आठवणीनं.

नंतर ती आत आली. मी चहा गाळत होते. दार लोटलेलं, स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "आई, पण खरंच चुकलं होतं का गं तुझं? तू तर आमच्या गणिताच्या वह्या भाजी चिरता चिरता तपासायचीस."

गाळणं माझ्या हातात होतं. आता कुणाची नोकरी जाणार नव्हती. हसणारं कुणी नव्हतं. भिंतीवरच्या फोटोलाही इथून ऐकू येणार नव्हतं. माझ्या पोटची पोर उत्तरासाठी थांबली होती, आणि खुर्दादचा तो आकडा, बरोबर आकडा, माझ्या ओठांवर होता.

"हो गं," मी म्हणाले. "चुकलंच होतं."

"असू दे, होतं असं," ती म्हणाली, आणि कपांचं तबक घेऊन बाहेर गेली.